विमानतळापासून फक्त दोन किलोमीटर

हॉटेल विमानतळापासून एक पूर्णांक नऊ दशांश किलोमीटरवर आहे, असं त्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं, आणि ते अक्षरशः खरं निघालं. खोट्या जाहिरातीबद्दल तक्रार तरी करता येते. खऱ्या जाहिरातीबद्दल कुठे करायची, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. खोलीच्या खिडकीतून मला विमानाची चाकं दिसत होती, चाकांवरची धूळ दिसत होती, एकदा तर आत बसलेल्या एका गृहस्थांचा चष्माही दिसल्यासारखा वाटला. फक्त विमानतळाचं दार धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला होतं. एक पूर्णांक नऊ हे धावपट्टी ओलांडून. रस्त्याने अकरा.

अंतर आणि विस्थापन यांतला हा फरक मी सुट्टीत नववीच्या मुलांना शिकवलेला आहे. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या माणसाने तो विसरावा, ही गोष्ट मी अजून आमच्या सरांना सांगितलेली नाही. ते हे वाचणार नाहीत, अशी आशा आहे.

मामला साधा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता दादाचं नोंदणी कार्यालयात लग्न होतं. अर्जावर साक्षीदारांची नावं महिन्यापूर्वीच भरलेली होती आणि त्यांत एक नाव माझं होतं. होणारी वहिनी चार दिवसांनी दूरदेशी नोकरीवर रुजू होणार होती. दादाला तिच्याबरोबर जायचं, तर कागदोपत्री नवरा असणं भाग होतं. कार्यालयातल्या बाईंनी त्याला स्वच्छ बजावलं होतं की साक्षीदार बदलता येणार नाही, मूळ ओळखपत्र हातात लागेल, आणि ही वेळ चुकली तर पुढची तारीख पाच आठवड्यांनी.

"तू येशील ना वेळेवर?" दादाने फोनवर विचारलं.

"दादा, मी तक्ता केलाय. सहा दहाचं विमान. चारला हॉटेल सोडायचं. प्रत्येक टप्प्याला वीस टक्के जादा वेळ धरलाय."

"तुझ्या तक्त्यांचीच भीती वाटते गं," तो म्हणाला.

मी सहा महिन्यांच्या प्रकल्पासाठी ज्या गावात राहत होते, तिथून विमानतळ बसने पाच तासांवर. म्हणजे आदल्या रात्री विमानतळाजवळ मुक्काम आलाच. हे मी चुकून चारचौघांत बोलले. आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "हॉटेल कशाला? विमानतळावरच बाकावर बसावं रात्रभर. पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळून. माझा भाचा बसला होता."

"मिळालं का त्याला विमान?"

"नाही, झोप लागली त्याला. पण पिशवी कुठे गेली नाही."

प्रयोगशाळेत काचसामान देणाऱ्या स्टोअरवाल्यांचं मत वेगळं होतं. "हॉटेल घ्या मॅडम, पण पैसे भरायच्या आधी भिंतीवर टकटक करून बघा. पोकळ वाजली, तर शेजारच्याचं घोरणं तुमचंच समजा." मी दोघांचे आभार मानले आणि अकरा हॉटेलांचा तुलनात्मक तक्ता केला. किंमत, स्वच्छता, अंतर, प्रत्येकाला वेगळा भारांक. सगळ्यांत जास्त गुण ज्याला पडले, त्याच्या सोयींच्या यादीत 'दोन स्वतंत्र प्रवेशद्वारं' असंही लिहिलेलं होतं. आग लागली तर बरं, म्हणून मी त्यालाही अर्धा गुण दिला.

संध्याकाळी सहाला मी डावीकडच्या प्रवेशद्वारातून आत गेले. समोर काउंटर. काउंटरच्या बरोबर मधोमध करवतीने पाडलेली फट. त्या फटीतून निघालेला हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा जमिनीवरून भिंतीवर, भिंतीवरून छतावर गेलेला. पट्ट्याच्या डावीकडे पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले एक साठीचे गृहस्थ, उजवीकडे फुलाफुलांच्या सदऱ्यातले एक पंचावन्नचे. दोघांची नाकं सारखी. दोघं एकमेकांपासून चार फुटांवर बसून दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत होते.

"खोली?" पांढऱ्या सदऱ्याने विचारलं.

"चौदा."

"सम. आमच्याकडे विषम." त्यांनी हनुवटीने पट्ट्याकडे खूण केली.

मी बॅग उचलून पट्ट्यापलीकडे पाऊल टाकलं.

"तसं नाही! बाहेर जा आणि त्या दाराने या."

मी बाहेर गेले, साडेचार मीटर चालले आणि दुसऱ्या दाराने आत आले. फुलाफुलांचा सदरा हात जोडून उभा राहिला. "या या ताई! त्या दाराने कशाला गेलात? चांगली माणसं इकडून येतात." हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणाले, पण ते कोणासाठी होतं हे भिंतीलाही कळलं असतं.

सगळा उलगडा धाकट्यांच्या बायकोने केला. त्यांना मी काकू म्हणू लागले, कारण त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत मला "किती वाळलीयेस" म्हणून घेतलं होतं. हे दोघं सख्खे भाऊ. चार वर्षं झाली, एकमेकांशी अवाक्षर नाही. वाटणी मामांनी केली. मामा आयुष्यभर जमीन मोजायच्या खात्यात होते, त्यामुळे त्यांनी न्यायही पट्टी लावूनच केला. विषम खोल्या थोरल्यांच्या, सम धाकट्यांच्या. लिफ्ट थोरल्यांची, जिना धाकट्यांचा. विजेचा मीटर थोरल्यांकडे, पाण्याची टाकी धाकट्यांकडे.

"गिझरला वीज पहाटे तीन ते पाच," काकू म्हणाल्या. "नळाला पाणी संध्याकाळी सहा ते आठ."

"म्हणजे गरम पाणी नाहीच! दोन्ही संचांचा छेद रिक्त आहे."

काकूंनी माझ्याकडे थोडं काळजीने पाहिलं. "अगं, गिझर संध्याकाळी भरून ठेवायचा. पहाटे तापतो."

मी विषय बदलला.

विषय बदलायला समोर तिजोरी होती, आणि इथून पुढचा सगळा दोष माझा आहे. तो मी आधीच कबूल करते, म्हणजे वाचकाला शोधत बसायला नको. त्यांच्या वडिलांची ती जुनी लोखंडी तिजोरी, कमरेच्या वर उंच, हिरव्या पट्ट्यावर बरोबर निम्मी-निम्मी उभी. दाराला दोन कुलपं, दोन अंगांना. वर पत्रपेटीसारखी एक फट. काकूंनी नोंदवही उघडली आणि म्हणाल्या, "ओळखपत्र दे बाई."

मी ओळखपत्र काढलं. "काकू, या फटीतून हात आत का जात नाही? आत वळणदार पन्हाळ आहे का?"

"असेल काहीतरी. यात टाकतो आम्ही कधी कधी..."

त्या 'टाकतो' एवढंच म्हणाल्या होत्या. मी टाकलं. वळण असेल तर घासल्याचा आवाज येईल, नसेल तर थेट तळाशी 'टप्'. मला ते ऐकायचं होतं. आधी घासल्याचा आवाज आला, मग 'टप्' आलं. घासणं सोडलं तर चार दशांश सेकंद, म्हणजे पन्हाळीखाली साधारण पाऊण मीटर पोकळी. मी समाधानाने काकूंकडे पाहिलं.

काकूंचं तोंड उघडंच होतं. "टाकलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, द्या."

"अगं, वहीत लिहून परत देणार होते मी! तिजोरीत फक्त महिनाभर राहणाऱ्यांची टाकतो. तेसुद्धा त्यांनी टॉवेल पळवले असतील तर."

"बरं मग काढून द्या."

"सकाळी आठला उघडते ती. आठला हे थोरले भाऊजी येतात, त्यांचं कुलूप उघडतात आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहतात. सव्वाआठला आमचे हे येतात, यांचं कुलूप उघडतात. मामांचा नियम. एकाला एकट्याने उघडता येऊ नये आणि दोघांना एकमेकांचं तोंड बघायला लागू नये."

"मला चार वाजता निघायचंय. पहाटे."

"आजवर इथून आठच्या आधी कोणी गेलेलंच नाही," काकू म्हणाल्या. त्या आवाजात अभिमान होता की सहानुभूती, हे मला ठरवता आलं नाही.

मी काकूंना दादाचं सगळं सांगितलं. साक्षीदार, पाच आठवडे, वहिनीची नोकरी. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिजोरीत त्याने काही फरक पडला नाही.

माझ्या बॅगेत कायम तीन मीटरची पोलादी मोजफीत असते. लोक मला यावरून हसतात. मी फितीच्या टोकाला जखमेवर लावायची चिकटपट्टी उलटी बांधली, काकूंनी वरून टॉर्च धरला आणि मी फीत पन्हाळीतून आत सोडली. पहिल्याच प्रयत्नाला काहीतरी चिकटलं. मी श्वास रोखून वर ओढलं. मोठ्या मिशांचे एक अनोळखी गृहस्थ वर आले.

"हे पाच नंबरचे," काकू कुजबुजल्या. "विषम."

दुसऱ्यांदा कुठल्याशा वाचनालयाचं कार्ड आलं, मुदत संपून सहा वर्षं झालेलं. तिसऱ्यांदा फीत आत कशाला तरी अडकली. मी हिसका दिला. कटकन आवाज झाला आणि माझ्या हातात दोन मीटर सत्तर सेंटिमीटर फीत उरली.

"माझ्या पाहुण्याची मिशी तुमच्या हातात काय करतेय?"

मागे थोरले उभे होते. माझ्या एका हातात पोलादी फीत, दुसऱ्या हातात परक्या माणसाचं ओळखपत्र आणि साथीदाराच्या हातात टॉर्च. सुशिक्षित घरातल्या मुलीची यापेक्षा वाईट अवस्था मी तरी पाहिलेली नाही. मी जे होतं ते सांगितलं. थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "स्वतःच टाकलंत? आवाज ऐकायला?"

"हो."

"शिक्षण किती झालंय?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात माझ्या दोन्ही पदव्या परत गेल्या.

पण माणूस वाईट नव्हता. "माझी हरकत नाही. पहाटे साडेतीनला माझं कुलूप उघडून देतो. पण त्यावेळी तो इथे नको. वर जाऊन त्याला सांगा."

'तो' तोपर्यंत गच्चीवर टाकीपाशी गेला होता. मी सम खोलीची पाहुणी, त्यामुळे मला लिफ्ट नाही. अठ्ठावन्न पायऱ्या चढून मी निरोप दिला.

"येतो की," धाकटे म्हणाले. "पण ते गेल्यावर. आणि त्यांनी कुलूप उघडून मध्येच तिजोरीत डोकावायचं नाही, हे त्यांना सांगा."

अठ्ठावन्न पायऱ्या उतरले.

"डोकावायला आत त्याचं आहे काय? हे त्याला विचारा."

पहिल्या दोन फेऱ्यांत मी निरोप शब्दशः पोचवले, कारण निरीक्षकाने नोंदीत फेरफार करू नये असं मला शिकवलेलं आहे. तिसऱ्या फेरीपासून मी संदेशातला गोंगाट गाळायला लागले. "त्या मुलखाच्या हट्टी माणसाला म्हणावं, साडेतीन म्हणजे साडेतीन" हे वर पोचेपर्यंत "साडेतीनची वेळ त्यांना चालेल" एवढंच उरत होतं. सहाव्या फेरीला करार झाला. साडेतीनला थोरले, पावणेचारला धाकटे. मधली पंधरा मिनिटं तिजोरीवर लक्ष माझं. दोघांनाही मी तटस्थ म्हणून मान्य होते. पायांत गोळे आले होते, पण आंतरराष्ट्रीय तह करणाऱ्यांना काय वाटत असेल, याची थोडी कल्पना आली.

झोप अशी लागलीच नाही. विमानागणिक खोलीतला पाण्याचा पेला टेबलावरून काठाकडे सरकत होता. किती विमानांनी तो खाली पडेल, हे मी मोजायला घेतलं आणि चौदाव्या विमानाला पेला उचलून ठेवला. पाणी माझ्याच बुटांत गेलं असतं.

साडेतीनला थोरले इस्त्रीचा सदरा घालून हजर. किल्ली घातली, फिरवली, खट्ट आवाज झाला. त्यांनी हात काढला आणि किल्ली आपोआप मागे फिरली. पुन्हा खट्ट.

त्यांनी तीनदा करून पाहिलं. "आत काहीतरी अडकलंय. स्प्रिंगसारखं मागे ढकलतंय. पूर्वी कधी असं झालं नाही."

तीस सेंटिमीटर पोलादी फीत, उत्तम दर्जाची. मी सांगितलं.

थोरल्यांनी डोळे मिटले. "म्हणजे मला किल्ली धरून उभं राहायला लागणार."

"हो."

"तो येईल तेव्हासुद्धा."

"हो."

पावणेचारला धाकटे जिन्यावरून खाली आले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. पाठोपाठ काकू. मी घड्याळाकडे बघून म्हणाले, "हे बघा, तुम्ही दोघं एकमेकांकडे बघू नका, कुलपाकडे बघा. सव्वाचारपर्यंत नाही उघडलं, तर माझ्या भावाचं लग्न गेलं."

'भावाचं' म्हटल्यावर दोघांनीही घसा साफ केला.

धाकटे आले. तिजोरी काही फार रुंद नव्हती. दोन किल्ल्या दोघांनी धरायच्या, तर खांद्याला खांदा लागणारच होता. फुलाफुलांचा खांदा पांढऱ्या खांद्याला टेकला आणि दोन्ही सदरे एकदम आखडले.

"यांना सांगा, किल्ली उजवीकडे दाबून धरायची," थोरले मला म्हणाले.

"त्यांना सांगा, मला माहितीये. माझ्याही वडिलांची आहे ती," धाकटे मला म्हणाले.

"यांना सांगा, दाराला जोर लावायला लागेल."

"त्यांना सांगा, लावतोय!"

मी दोघांच्या मधोमध, एका फुटावर, काहीच सांगत नव्हते. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. धाकट्यांनी किल्ली फिरवून दाराला हिसका दिला, दार कुरकुरलं, आत फीत टणकन तुटली आणि दार एकदम बाहेर आलं. थोरल्यांच्या मोकळ्या हाताची बोटं शेजारच्या काउंटरच्या कडेवरच होती.

"दादा, हात काढ!"

थोरल्यांनी हात काढला. दार जिथे आपटलं, तिथे अर्ध्या क्षणापूर्वी त्यांची चार बोटं होती.

काकूंनी पदर तोंडाला लावला. थोरले आपल्या बोटांकडे बघत राहिले, मग पहिल्यांदाच भावाकडे बघून म्हणाले, "ओरडतोस काय एवढ्याने? लोक झोपलेत."

"मग काय बोटं जाऊ देऊ?"

"मी काढणारच होतो हात."

"काढणार होतास! लहानपणापासून तू काढणारच असतोस. झोपाळ्याच्या वेळेलाही काढणारच होतास!"

मी तळाशी हात घालून माझं ओळखपत्र शोधलं. ते मिशांच्या जागेशेजारीच, तुटक्या फितीच्या चिकटपट्टीला चिकटून पडलं होतं. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच फोन वाजला. टॅक्सीवाला होता.

"मॅडम, मी पोचलोय. नकाशा म्हणतोय, इथेच. मला तुमचं हॉटेल दिसतंय, पाटीसुद्धा वाचता येतेय. पण मध्ये विमानं आहेत."

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तो फिरून इकडे येणार आणि परत मला घेऊन तिकडे जाणार, म्हणजे बावीस किलोमीटर. माझ्या वीस टक्के जादा वेळेचा केव्हाच चुरा झाला होता. सामान घेण्याची खिडकी पाच दहाला बंद. माझा चेहरा बघून काकू कडाडल्या, "झोपाळ्याचं नंतर बघा! पोरीला सोडा आधी!"

गाडी थोरल्यांची होती, पण फाटक धाकट्यांचं. धाकट्यांनी फाटक उघडलं आणि थोरल्यांनी गाडी बाहेर काढली. मग धाकटे स्वतःहून पुढच्या सीटवर येऊन बसले. "धावपट्टीमागचा रस्ता त्याला माहीत नाही, ताई. हायवेने नेईल आणि सिग्नलला थांबत बसेल."

"सिग्नलला थांबायचंच असतं," थोरले म्हणाले.

पहिले तीन किलोमीटर झोपाळा चालला. पुढे दोन किलोमीटर एक हरवलेली सायकल. सहाव्या किलोमीटरला ते मुद्द्यावर आले, आणि हॉटेल ज्यावरून दुभंगलं ते मला कळलं. चादरी. थोरल्यांचं म्हणणं, चादर पांढरीच हवी. डाग दिसतो, म्हणून धुतली जाते. पाहुण्याला स्वच्छता डोळ्यांनी दिसते. धाकट्यांचं म्हणणं, पाहुणा माणूस आहे, तपासनीस नाही. रंगीत चादर टिकते आणि डोळ्यांना बरी वाटते. एवढ्यावरून करवत आली होती.

"ताई, तुम्ही शास्त्र शिकलात," थोरल्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. गाडीचा वेग कमी झाला. "तुम्हीच सांगा. पांढरी की रंगीत?"

"हां, सांगाच," धाकटे मागे वळले.

बाहेर अंधारात कुंपणापलीकडे एक विमान हळूच वळत होतं. ते माझं नसावं, अशी मी आशा केली. पांढरी म्हणाले तर रस्ता दाखवणारा रुसणार, रंगीत म्हणाले तर चालवणारा. मी खरं तेच बोलले, कारण दुसरं काही सुचलं नाही.

"असं मतावर ठरत नाही. प्रयोग करायला लागतो. निम्म्या खोल्यांत पांढऱ्या, निम्म्यांत रंगीत. इमारत तीच, पाणी तेच, कोणत्या पाहुण्याने कुठे जायचं ते नशिबावर. निदान वर्षभर."

गाडी आणखी हळू झाली.

"विषम खोल्यांत पांढऱ्याच आहेत," थोरले सावकाश म्हणाले.

"आणि सममध्ये रंगीत," धाकटे म्हणाले. "चार वर्षं."

"मग प्रयोग झालाय की तुमचा!" मी सीटवरून पुढे सरकले. मला खरंच राहवेना. इतका चांगला आखलेला प्रयोग आमच्या संस्थेतही झालेला नाही. "नोंदी आहेत का? कितव्या धुण्याला चादर विरली, कोणत्या खोलीतून तक्रार आली?"

"धोबी वहीत लिहून देतो. मी सगळ्या वह्या ठेवल्यात," थोरले म्हणाले.

"मीपण ठेवल्यात. तू ठेवतोस म्हणून."

"एकत्र लावून बघितल्याशिवाय काही कळणार नाही," मी म्हणाले. "गाडी जरा जोरात घेता का?"

गाडी सुटली. धावपट्टीमागच्या रस्त्यावर दिवे नव्हते. धाकटे "डावीकडे, डावीकडे, अरे खड्डा!" म्हणत होते आणि थोरले "दिसतोय मला" म्हणत बरोबर खड्ड्यात जात होते. चार चोपन्नला आम्ही दारात होतो. मी उतरले, मागचं झाकण उघडून स्वतःच बॅग काढली, आभार मानले. दोघांपैकी कोणालाच ऐकू गेलं नाही. पडद्यांचा विषय निघाला होता, आणि तो चादरींपेक्षा मोठा दिसत होता. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. एक शिपाई काच ठोठावत होता. काचेआड दोन सारखी नाकं एकमेकांसमोर येऊन तावातावाने हलत होती.

मी धावले. पाच वाजून सहा मिनिटांनी खिडकीवर पोचले. तिथल्या मुलीने ओळखपत्र घेतलं, त्यावरची चिकटपट्टीची कड नखाने खरवडली आणि काही न विचारता परत दिलं. सकाळच्या पाळीत त्यांना बरंच काही दिसत असावं.

विमानात मी बसले, आणि उतरताना कोणीतरी हलवून उठवलं. पुढे दोन तासांची बस. नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर दादा नव्या सदऱ्यात उभा होता आणि घड्याळ, रस्ता, घड्याळ असं बघत होता. मला पाहिल्यावर त्याने माझ्या हातातली बॅग अशी घेतली, जणू तिच्यात काचसामान आहे. दहा पन्नास झाले होते.

"कसा झाला प्रवास?"

"तक्त्याप्रमाणे," मी म्हणाले. मोठ्या भावाला सगळंच सांगायचं नसतं.

आत टेबलामागच्या बाईंनी माझं ओळखपत्र उलटसुलट केलं, फोटोकडे पाहिलं, माझ्या केसांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, पण पेन दिलं नाही.

"साक्षीदार म्हणजे नुसती सही नव्हे हं. समजून करा. उद्या या दोघांचं बिनसलं, एकमेकांशी बोलेनासे झाले, तर आम्ही तुम्हाला बोलावणार. मधे पडायची तयारी आहे का?"

दादा आणि वहिनी दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी बाईंच्या हातून पेन घेतलं.

"फक्त लिफ्ट असेल तर," मी म्हणाले, आणि सही केली.